पाण्याचा माग धरून परभणी

लग्नकार्य उरकलं की दुसऱ्या दिवशी परभणीतल्या घरात एक विषय हमखास निघतो. पुण्या-मुंबईचे चार पाहुणे मागं राहिलेले असतात, परतीच्या गाडीचं रिझर्वेशन रात्रीचं असतं आणि मधला अख्खा दिवस मोकळा असतो. कुठं नेऊन आणावं यांना? एकजण म्हणतो, औंढ्याला जाऊन या. दुसरा म्हणतो, परळी वैजनाथ करा. तिसऱ्याचा हट्ट लोणारचा. तिन्ही ठिकाणं उत्तमच आहेत, पण तिन्हींत एक गोम आहे: त्यातलं एकही परभणी जिल्ह्यात नाही. लोणार बुलढाण्यात, परळी बीडमध्ये, आणि औंढा नागनाथ तर १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडं गेलं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं छातीठोकपणे सांगणारी माणसं पाहुण्याला एक दिवस दाखवायची वेळ आली की जिल्ह्याची हद्द ओलांडतात.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं, की आपल्याकडं पाहण्यासारखं आहे काय? हे उत्तर सोपं आहे आणि चुकीचंही. जिंतूर तालुक्यात चारठाण्याची मंदिरं आणि बारव आहे, नेमगिरीची जैन लेणी आहेत, येलदरीचं धरण आहे. सेलू तालुक्यात वालूरची बारव आहे. गोदावरीच्या काठानं मुदगल, धारासूर, गंगाखेड आहे, आणि पालम तालुक्यात नदीच्या पात्रात चक्क एक बेट आहे. ठिकाणांची वाण नाही. वाण आहे ती त्यांना सांधणाऱ्या आखणीची. वेरूळला जाणाऱ्याला फारसं आखावं लागत नाही. रस्त्यावर पाट्या, दारात तिकीटखिडकी, गाईड, चहा, स्वच्छतागृह असं सगळं त्याच्या आधी कुणीतरी मांडून ठेवलेलं असतं. परभणीत ते मांडलेलं नाही. म्हणून इथं सहल चांगली होईल की फसेल, हे ठिकाणापेक्षा दिवस आखणाऱ्यावर जास्त अवलंबून असतं. आणि तो दिवस आखायचा एक साधा नियम आहे: एका दिवसाला एकच दिशा घ्यावी, आणि ती दिशा पाण्याच्या मागानं ठरवावी.

एका दिवसाची खासगी सहल हा जिथं रोजचा धंदा आहे, अशा मुलखाकडं आधी पाहू. वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, पण तिथल्या बेटांचं बरंचसं पोट पर्यटनावर चालतं. सकाळी मोठं प्रवासी जहाज बंदराला लागतं, हजारो माणसं उतरतात आणि संध्याकाळी जहाज निघण्याआधी त्यांना परतायचं असतं. ज्यांना घोळक्यानं बसमधून फिरायचं नसतं, ते चार-सहा जण मिळून एक टॅक्सी दिवसभरासाठी ठरवतात. चालवणाराच माहिती सांगतो, भाडं माणशी न ठरता गाडीचं ठरतं, तेही आधी बोलून, आणि परतीची वेळ दगडावरची रेघ असते, कारण जहाज कुणासाठी थांबत नाही. यातल्या तीन गोष्टी आपण जशाच्या तशा घ्याव्यात: अख्ख्या गाडीचं आधी ठरवलेलं भाडं, वाट आणि गावं माहीत असलेला चालक, आणि न हलणारी परतीची वेळ. रात्रीची मुंबईची गाडी हेच आपलं जहाज.

चौथी गोष्ट मात्र घेता येत नाही, आणि नेमकी तीच आपण घ्यायला जातो. ती म्हणजे ‘एका दिवसात सगळं’ ही कल्पना. बार्बाडोस हे बेट सुमारे ४३० चौरस किलोमीटरचं, सेंट लुशिया ६१७ चौरस किलोमीटरचं. परभणी जिल्हा, हिंगोली वेगळा झाल्यानंतरही, ६,००० चौरस किलोमीटरहून मोठा आहे. सेंट लुशियासारखी नऊ-दहा बेटं त्यात मावतील. शिवाय बेटावर समुद्रच हद्द आखून देतो आणि रस्ता किनाऱ्यानं फिरत राहतो. निघालेला माणूस गोल फिरून मुक्कामी येतो. परभणीचे रस्ते चाकाच्या आऱ्यांसारखे आहेत. जिंतूरचा रस्ता उत्तरेला, गंगाखेडचा दक्षिणेला, पाथरीचा पश्चिमेला, वसमतचा पूर्वेला, आणि मधल्या तुंब्यावर परभणी शहर. सकाळी नेमगिरी आणि दुपारी धारासूर असं ठरवलं की माणूस एका आऱ्यावरून परत तुंब्यावर येतो आणि दुसऱ्या आऱ्याला लागतो. दिवस गाडीत जातो, आणि संध्याकाळी पाहुण्याच्या मोबाइलमध्ये सहा ठिकाणचे फोटो असले तरी डोक्यात एकही ठिकाण उरत नाही.

मग दिशा निवडायची कशी? इथं जिल्ह्याचा नकाशाच मदतीला येतो. दक्षिणेकडून गोदावरी वाहते, उत्तरेकडून पूर्णा येते, मधून दुधना येऊन पूर्णेला मिळते, आणि पूर्णा पुढं जिल्ह्याच्या पूर्व अंगाला कंठेश्वरजवळ गोदावरीत विसावते. आता पाहण्याजोगी ठिकाणं या नकाशावर मांडून बघावीत. धारासूरचं मंदिर गोदेच्या काठी, मुद्गलेश्वर तर पात्रातच, गंगाखेड घाटाचं गाव, जांभूळबेट नदीच्या कुशीत, येलदरी पूर्णेवर. नदीपासून दूर असलेल्या चारठाणा-वालूरला लोकांनी पाणी जमिनीखाली जाऊन गाठलं. त्यालाच आपण बारव म्हणतो. ही काही योगायोगाची गोष्ट नाही. मराठवाड्यात पाऊस बेभरवशाचा. जिथं पाणी टिकलं तिथं वस्ती टिकली, आणि जिथं वस्ती टिकली तिथंच मंदिरावर खर्च करणारा दाता आणि ते घडवणारा कारागीर थांबला. बेटावर सहलीला समुद्र धरून ठेवतो, इथं ते काम पाणी करतं. ते दिसतं तेव्हा नदी असतं आणि दिसत नाही तेव्हा झरा.

उत्तरेची दिशा आधी घेऊ. परभणीहून जिंतूर सुमारे ४०-४५ किलोमीटर. गावापासून तीन-चार किलोमीटरवर नेमगिरीच्या टेकडीत दिगंबर जैन लेणी आहेत. दारं इतकी ठेंगणी की आत जाताना भल्याभल्यांना वाकावं लागतं. आत नेमिनाथांची मूर्ती आहे, आणि ‘अंतरीक्ष पार्श्वनाथ’ म्हणून ओळखली जाणारी, एका लहानशा दगडावर तोललेली भव्य मूर्ती आहे. नेमगिरी हा आपल्या पाण्याच्या नियमाला अपवाद आहे हे मान्य करायला हवं. तिथं ओढ डोंगराची आणि एकांताची. पण वाटेवरच असल्यानं तो मोडता घालत नाही. तिथून मंठ्याच्या रस्त्याला लागलं की चारठाणा येतं, आणि उत्तरेच्या दिवसाचा गाभा इथं आहे. गावात विखुरलेली जुनी मंदिरं, एक उंच कोरीव स्तंभ आणि गोकुळेश्वराच्या मंदिराजवळची बारव. या वास्तूंना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणायची आपली सवय आहे. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा प्रधान, म्हणजे तेराव्या शतकातला माणूस; पण त्याच्या नावानं ओळखली जाणारी कितीतरी मंदिरं त्याच्याही आधीची आहेत. शैलीला माणसाचं नाव चिकटलं, एवढंच.

बारवेकडं मात्र घाईनं पाहू नये. विहिरीला माणूस काठावर उभा राहतो आणि पाणी वर ओढतो. बारवेत माणूस स्वतः पाण्याकडं उतरतो. पावसाळ्यानंतर पाणी वरच्या पायऱ्यांना असतं, मग महिन्यागणिक ते खाली सरकत जातं आणि माणूस त्याच्यामागं एकेक टप्पा उतरत राहतो. चैत्र-वैशाखात तळाच्या पायरीवर घागर बुडवणाऱ्या बाईनं त्या वर्षीच्या पावसाचा हिशेब पायऱ्या मोजूनच केला असणार. घडीव दगड चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले असतात; सांध्यांतून झऱ्याचं पाणी आत पाझरतं आणि बांधकामावर मागून दाब साचत नाही. भिंतीतल्या कोनाड्यांना देवकोष्ठ म्हणतात. पाणी भरायला आलेल्याला देवाचं दर्शन तिथंच घडावं, अशी ती सोय. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव तर आणखी वेगळी. ती गोल आहे, आणि वरून वाकून पाहिलं तर पायऱ्या भोवऱ्यासारख्या फिरत फिरत तळाला जाताना दिसतात. गाळानं आणि कचऱ्यानं बुजलेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदानातून मोकळी केली. गेल्या काही वर्षांत राज्यभर बारवा शोधून, नोंदवून, साफ करण्याची चळवळ उभी राहिली आणि महाशिवरात्रीला अनेक बारवांत दिवे लागू लागले. नेमगिरी, चारठाणा, वालूर आणि सेलूवरून परभणी, असा हा फेरा साधारण दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरचा होतो. बेटासारखा गोल फेरा जिल्ह्यात कुठं जमत असेल तर तो इथं. येलदरी घ्यायचं असेल तर वालूर सोडावं. १९६८ साली पूर्ण झालेलं हे धरण २२.५ मेगावॉटच्या वीजनिर्मितीसाठीही ओळखलं जातं. पण भिंतीवर जायला परवानगी लागते, तिची चौकशी आदल्या दिवशीच करावी.

दक्षिणेची दिशा गोदावरीची. गंगाखेडच्या रस्त्यावर पोखर्णीचं नृसिंह मंदिर लागतं, मग आडवाटेनं नदीकाठचं धारासूर. इथलं गुप्तेश्वर मंदिर यादवकालीन वास्तुकलेतला एक अस्सल नमुना आहे. खाली दगडी मंदिर आणि वर विटांचं शिखर. दगडाच्या मंदिरावर वीट का, याचं उत्तर वजनात आहे: वीट हलकी, तिनं उंची गाठता येते आणि खालच्या भिंतींवर भार कमी येतो. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी बघायला सकाळचं तिरपं ऊन हवं. माध्यान्हीला सपाट उजेडात नक्षी पुसल्यासारखी दिसते. मंदिराच्या जतनाचं काम हाती घेतलेलं असल्यानं किती भाग पाहता येईल हे विचारूनच निघावं. पुढं गंगाखेड, संत जनाबाईंचं जन्मगाव. नामदेवांच्या घरी पंढरपुरात राबता राबता दळण-कांडणाचे अभंग रचणारी ही बाई मूळची या घाटावरची, एवढं कळलं तरी पायऱ्यांवरून नदीकडं पाहण्याची नजर बदलते.

आणि मग बेट. पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रात जांभूळबेट आहे. नावाप्रमाणं जांभळाची झाडं, मोरांचा वावर आणि चहूबाजूंनी नदी. जिल्ह्यात सहल आखणाऱ्याला सर्वांत मोठी भुरळ याच नावाची पडते, आणि सर्वांत जास्त सावधपणाही इथंच लागतो. इथं जायला होडी किंवा तराफा लागतो, आणि तो वेळापत्रकावर चालत नाही. नदीची चाल ओळखणारा स्थानिक माणूस जाऊ नका म्हणाला तर जायचं नाही. हो म्हणाला तरी अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना बसवायचं नाही. दरवर्षीच्या पुरात काठ झिजतात, माती वाहून जाते. ज्या पाण्यानं हे बेट घडवलं तेच ते कुरतडत आहे. म्हणून आखणीत जांभूळबेटाला ‘जमलं तर’ या रकान्यात ठेवावं. ते जमलं नाही तरी धारासूर आणि गंगाखेड दिवस पुरा करतात. पण सगळा दिवस बेटाच्या भरवशावर टाकला आणि होडी मिळाली नाही, तर हाती फक्त नदीकाठची धूळ लागते.

तिसरी दिशा पश्चिमेची, पाथरी आणि मुदगलची. पाथरी आज साईबाबांच्या जन्मस्थानाच्या श्रद्धेमुळं ओळखली जाते. जानेवारी २०२० मध्ये तिच्या विकासासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा झाली आणि जन्मस्थान म्हणण्यावरून १९ जानेवारीला शिर्डीत बंद पाळला गेला. पाहुण्याला तिथं नेणाऱ्यानं या वादाचा निकाल लावायच्या भरीस पडू नये. श्रद्धा श्रद्धा म्हणून सांगावी. त्यापेक्षा कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट जास्त रंगतदार आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ घराणं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं होतं, असं फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बुऱ्हाण निजामशहानं पूर्वजांचं गाव म्हणून ती मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, आणि नकार आल्यावर १५१८ साली लढून घेतली. एका गावासाठी दोन शाह्या भिडल्या, ते हे गाव. तिथून मुदगलला गेलं की मुद्गलेश्वराचं मंदिर गोदावरीच्या पात्रात उभं दिसतं. पुराच्या दिवसांत नदी त्याच्यावरून जाते, पूर ओसरला की ते पुन्हा मोकळं होतं.

मुदगल आणखी एक गोष्ट शिकवतं: पाणी दिशा ठरवतं तसा ऋतूही ठरवतं. ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, डिग्रस असे बंधारे गोदावरीवर झाल्यापासून नदी पूर्वीसारखी वागत नाही. पावसाळ्यानंतरही कितीतरी महिने तिचं पाणी तळ्यासारखं थांबून राहतं, आणि दारं उघडली की शांत दिसणारं पात्र बघता बघता चढतं. म्हणून जुलै ते सप्टेंबर गोदेची दिशा टाळावी. घेतलीच तर काठावरूनच पाहावी. बारवांचं याच्या बरोबर उलट. ऐन पावसाळ्यानंतर बारव भरलेली असते, तेव्हा पाणी दिसतं पण स्थापत्य बुडालेलं असतं. जानेवारी-फेब्रुवारीनंतर पायऱ्या उघड्या पडत जातात. मग तर मार्च-एप्रिल सर्वांत चांगला म्हणायचा. पण तोवर ऊन चाळिशीला भिडलेलं असतं आणि काळा दगड तव्यासारखा तापतो. दोन्हींचा मेळ बसतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. याच दिवसांत रानात ज्वारीचा हुरडा येतो, आणि २ फेब्रुवारीला परभणीत हजरत तुराबुल हक शाह यांचा उरूस भरतो. सगळ्या जातिधर्मांची माणसं तिथं येतात, त्या दिवसांत शहरात गाडी मिळायला आणि रस्ता मोकळा सापडायला वेळ लागतो. तो वेळ आखणीत धरावा, किंवा मग उरूस हीच सहल समजावी.

हिवाळ्याला एक किंमतही आहे, आणि ती तासांत मोजावी लागते. डिसेंबरअखेर परभणीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. अकरा तासांचा उजेड. त्यातले तीन-साडेतीन तास गाडीत जातात, दीड तास जेवणात आणि चहापाण्यात, आणि सात जणांना गाडीत बसवण्या-उतरवण्यात किमान अर्धा-पाऊण तास, ज्याचा हिशेब कुणीच धरत नाही. उरतात सव्वापाच ते सहा तास. मंदिर किंवा बारव नीट पाहायला सव्वा ते दीड तास लागतो; म्हणजे तीन ठिकाणं, फार तर चार. ‘एक दिवस, एक दिशा’ हा काही आवडीनिवडीचा नियम नाही, तो या वजाबाकीतून निघतो. गाडी करतानाही हीच वजाबाकी चालवावी. किरायाची गाडी बहुधा दिवसाच्या किमान किलोमीटरवर ठरते, आणि आपला फेरा त्या किमानापेक्षा लहान असण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा किलोमीटर संपवण्यासाठी चौथं-पाचवं ठिकाण जोडण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण पैसे गाडीच्या थांबण्याचेही आहेत. चालकाचा भत्ता, वेटिंग, परतायला उशीर झाला तर काय, हे निघण्याआधी बोलून घ्यावं. गाडी पिवळ्या पाटीची असावी. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं नेणं स्वस्त पडतं, पण ते नियमात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याचा वांधा होतो.

जेवणाचंही तसंच. चारठाण्याला किंवा धारासूरला पाहुण्याला बसवून जेवू घालणारं हॉटेल सापडेल या आशेवर जाऊ नये. मराठवाड्यानं यावर फार पूर्वीच उपाय काढून ठेवला आहे: धपाटे. ज्वारीच्या पिठात थोडी कणीक, बेसन, तीळ, ओवा, लसूण-मिरचीचा ठेचा घालून थापलेले हे धपाटे सकाळी केले की संध्याकाळपर्यंत टिकतात, सोबत घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी असली की ताटाची गरज नाही. दक्षिण मराठवाड्यात मार्गशीर्ष अमावास्येला अख्खं घर डबे बांधून शेतात जातं आणि दिवस तिथंच घालवतं. एका दिवसाची खासगी सहल आपल्याला नवी नाही, फक्त तिची जागा शेताबाहेर हलवायची आहे. खरी अडचण जेवणापेक्षा स्वच्छतागृहाची आहे, आणि सहल आखणारे पुरुष ती विसरतात. बायकांना आणि म्हाताऱ्यांना दिवसभर पाणी न पिता फिरावं लागत असेल तर ती सहल नव्हे, शिक्षा झाली. म्हणून तालुक्याच्या गावचा, म्हणजे जिंतूर, सेलू, गंगाखेड किंवा पाथरीचा थांबा दर दोन-अडीच तासांनी येईल असाच मार्ग ठेवावा. सुदैवानं वर सांगितलेल्या तिन्ही दिशांत तो येतो.

या मांडणीवर पहिला आक्षेप खर्चाचा. एसटी असताना गाडी कशाला? आक्षेप वजनदार आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, आणि गंगाखेडला परभणी-परळी रेल्वेनंही जाता येतं. पण एसटी आणि रेल्वे तालुक्याच्या गावापर्यंत पोचवतात. धारासूर, वालूर, जांभूळबेट ही ठिकाणं त्याच्या पुढच्या दहा-वीस किलोमीटरवर आहेत आणि दिवस तिथंच अडतो. दोन-तीन माणसं असतील तर गंगाखेडपर्यंत रेल्वे आणि पुढं तिथलीच रिक्षा, हा मार्ग गाडीपेक्षा स्वस्त आणि गावाच्याही फायद्याचा. सात-आठ माणसं असतील, त्यांत गुडघेदुखीच्या दोन आज्या असतील, तर माणशी हिशेब केल्यावर गाडीच परवडते. म्हणजे प्रश्न एसटी की गाडी हा नाही, शेवटच्या दहा-वीस किलोमीटरचा आहे. तो आधी सोडवावा, बाकीचं मग ठरवावं.

दुसरा आक्षेप पाहुण्याच्या बाजूचा: तो परत कधी येणार? एकाच दिशेला नेलं तर बाकीचं राहून जाईल. राहू द्यावं. नेमगिरी पाहिलेला माणूस धारासूर राहिलं म्हणून पुन्हा येईल. सहा ठिकाणं दहा-दहा मिनिटं पाहिलेल्याला परत यायला कारणच उरत नाही. तिसरा आक्षेप भाविकांचा आहे, आणि तो अधिक नाजूक. गंगाखेडचा घाट, नेमगिरी, मुद्गलेश्वर ही प्रेक्षणीय स्थळं नव्हेत, तिथं देव राहतो. हे खरंच आहे. म्हणून सहलीच्या वेळा पूजेच्या वेळांना आडव्या येऊ नयेत, जैन लेण्यांत चामड्याच्या वस्तू नेऊ नयेत, घाटावर अस्थिविसर्जन चाललं असेल तर कॅमेरा पिशवीत ठेवावा. पण पाहणं आणि पुजणं यांत वैर नाही. देवकोष्ठातली मूर्ती घडवणाऱ्यानं ती पाहिली जावी म्हणूनच इतकी घडवली.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: लोक आले की ठिकाणं बिघडतात. बारवेत पाण्याच्या बाटल्या तरंगू लागतात, दगडावर बदामाच्या आत नावं कोरली जातात. भीती रास्त आहे. पण वालूरची बारव गाळानं भरली ती पर्यटकांमुळं नव्हे. नळ आले, पाण्याची गरज संपली, कुणी उतरेना, म्हणून ती बुजली. वास्तूला गर्दी मारते तसा विसरही मारतो, आणि परभणीतली ठिकाणं आजवर विसरानंच जास्त झिजली आहेत. चार-सात जणांची एक गाडी हा या दोन्हींच्या मधला मार्ग आहे. ती गर्दी होत नाही, आणि जाताना गावातल्या एखाद्याला वाट दाखवायला सोबत घेतलं, त्याच्या वेळेचे पैसे दिले, चहा तिथल्याच टपरीवर घेतला, तर बारव ही गावाला अडगळ न वाटता कामाची वस्तू वाटू लागते. जी वस्तू कामाची असते तिच्यात कचरा टाकणाऱ्याला गावच हटकतं.

म्हणून पुढच्या वेळी पाहुणे मागं राहिले की कागदावर नऊ-दहा नावं लिहू नयेत. आधी महिना पाहावा आणि पाणी कुठं असेल ते आठवावं. मग तीन नावं लिहावीत, चौथं कंसात, आणि खाली स्टेशनवर पोचायची वेळ. दिवस इतका सुटसुटीत आखला, की चारठाण्याच्या बारवेत म्हातारी आत्या शेवटच्या कोरड्या पायरीवर टेकली आणि ‘जरा बसू द्या’ म्हणाली, तर घड्याळ बघायची वेळ कुणावर येणार नाही.